कॉलेज संपलं, बाप्तिस्मा झाला, पुढे काय? : नारायण शेषाद्रींची गोष्ट

कडावच्या मुलाला आज विल्सन कॉलेजात शिकायचं असेल, तर पहाटे कर्जत स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि चर्नी रोडला उतरायचं. समोर चौपाटी, मागे कॉलेजची दगडी इमारत. ही इमारत १८८९ सालची. संस्था मात्र तिच्याहून बरीच जुनी, आणि तिच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांना पडलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही. धर्माच्या नावानं चाललेल्या कॉलेजात शिकलो, तिथं शिकवलेलं मनापासून पटलं. पण कॉलेज संपल्यावर ते जगायचं कसं? कुणाबरोबर, आणि कुठं?

स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी शाळा सुरू केली. पुढे याच शाळेचं कॉलेज झालं. विल्सन हे साधे प्रचारक नव्हते. मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी शिकलेला हा माणूस पुढे मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. त्यांच्या शाळेत इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवलं जायचं आणि त्याबरोबर बायबल. मुंबईतल्या हिंदू आणि पारशी घरांना हे माहीत होतं. तरीही मुलं येत होती, कारण इंग्रजी आलं की नोकरी मिळत होती. आईबापांचा हिशेब साधा होता : इंग्रजी घ्यायचं, बायबल कानाआड करायचं.

हा हिशेब पहिल्यांदा चुकला तो १८३९ साली. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज हादरला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. मुलं स्वतःचा निर्णय घेण्याच्या वयाची आहेत, असं मानून कोर्टानं त्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. पण शाळेतली बाकडी रिकामी झाली. घरोघरी आईबापांनी मुलं काढून घेतली.

चार वर्षांनी दुसरा धक्का बसला. १८४३ च्या सप्टेंबरमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. वडील कोर्टात गेले. या वेळी निकाल उलटा लागला. पोरगं लहान आहे, त्याला वडिलांच्या ताब्यात द्या, असं कोर्टानं सांगितलं.

मग सुरू झालं खरं भांडण. श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. म्हणजे तो बाटला. मग घरी आणलेल्या या पोराचं करायचं काय? दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्या. सनातनी मंडळींनी याला कडाडून विरोध केला. एका बारा वर्षांच्या मुलाच्या जेवणावरून मुंबईच्या हिंदू समाजात दोन तट पडले, आणि बाळशास्त्रींनाही शिव्याशाप ऐकावे लागले. आपल्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण बाळशास्त्रींच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं. ज्याच्यापासून ते सुरू झालं, तो मोठा भाऊ नारायण, त्याचं पुढे काय झालं हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे नुसता विश्वास बदलणं नव्हतं. घराचा उंबरा बंद व्हायचा. आई जिवंत असून भेटायची नाही. पंगत गेली, विहीर गेली, लग्नाची सोयरीक गेली. वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्कही जाण्याची भीती असायची. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा इंग्रज सरकारनं १८५० साली केला. धर्मांतरानंतर नवरा किंवा बायको सोबत राहायला तयार नसेल तर विवाहाचं काय, याचा कायदा यायला १८६६ साल उजाडलं. म्हणजे १८४३ साली नारायणच्या मागे ना घर होतं, ना जात, ना कायदा.

अशा माणसापुढे मिशनचं कंपाउंड हीच एक सुरक्षित जागा उरायची. तिथं राहायला घर, शिकवायला वर्ग, महिन्याला पगार. पण त्यात एक मेख होती. बाहेरच्या लोकांना वाटायचं, पोटासाठी बाटला. काही मिशनऱ्यांना वाटायचं, हा आपल्या हाताखालचा माणूस. या दोन्ही नजरा चुकवून स्वतःच्या पायावर शिष्य म्हणून जगायचं, ही खरी परीक्षा होती. पदवीची परीक्षा तर नव्हतीच, कारण मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ साली स्थापन झालं.

वेगवेगळ्या लोकांनी ही परीक्षा वेगवेगळ्या तऱ्हेनं दिली. धनजीभाई विल्सनसोबत स्कॉटलंडला गेले, एडिंबरात धर्मशास्त्र शिकले, १८४६ साली दीक्षित पाळक झाले आणि परत येऊन आयुष्यभर प्रवचनं करत राहिले. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी लेखणी धरली. तेही काही काळ मुंबईच्या याच संस्थेत शिकले होते. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. विधवांचे हाल सांगणारं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखलं जातं. मोल्सवर्थच्या अवाढव्य कोशाची आटोपशीर आवृत्तीही त्यांनीच तयार केली. धर्म बदलला, पण भाषा सोडली नाही. उलट तिच्यात भर घातली.

नारायण शेषाद्री सुरुवातीची काही वर्षं संस्थेतच शिकवत होते. १८५४ साली तेही पाळक झाले. मुंबईतच राहिले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण १८६०च्या दशकात ते निघाले ते थेट निजामाच्या राज्यात, जालन्याला.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचली होती. वर बोरघाटात हजारो मजूर कातळ फोडत होते, कित्येक मरत होते. १८६३ साली घाटातला मार्ग सुरू झाला. कर्जत, पळसदरी, खोपोली या आपल्या गावांच्या नावांना तेव्हा नवा अर्थ आला. शिकलेली माणसं त्या वाटेनं पोटापाण्यासाठी मुंबईकडे उतरू लागली होती. नारायण शेषाद्री त्याच काळात मुंबई सोडून उलट्या दिशेनं गेले.

जालन्यात त्यांचं काम प्रामुख्यानं मातंग समाजात झालं. त्या काळच्या कागदपत्रांत ‘मांग’ असा उल्लेख येतो. गावकुसाबाहेरची वस्ती, दोर वळायचं काम, आणि काही चोरीला गेलं की पहिला संशय त्यांच्यावर. ज्या ब्राह्मण घरात नारायण जन्मले, तिथं या लोकांची सावलीही चालत नसे. आता ते त्यांच्यात बसत, जेवत, त्यांच्या मुलांना अक्षरं शिकवत. श्रीपत परक्याच्या घरी जेवला म्हणून मुंबई पेटली होती. वीस वर्षांनी थोरल्या भावानं जिथं पान मांडलं, ते घर त्या वादातल्या कुठल्याच बाजूच्या कल्पनेत बसणारं नव्हतं.

पण नुसता बाप्तिस्मा देऊन भागणार नव्हतं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. ख्रिस्ती झालेल्या माणसाला गावात काम मिळेना, पाणी मिळेना. मग त्यांनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ एक नवं गावच वसवलं. नाव ठेवलं बेथेल. हिब्रूत याचा अर्थ देवाचं घर. विहिरी खोदल्या, शेती उभी केली, शाळा आणि चर्च बांधलं. गावकुसाबाहेरच्या माणसांना पहिल्यांदाच असं गाव मिळालं, जिथं कूसच नव्हतं.

१८७३ साली न्यूयॉर्कला इव्हॅन्जेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. नारायण शेषाद्री तिथं बोलायला गेले, आणि गेले ते डोक्यावर पागोटं घालून. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नव्हे, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

या कहाणीला फक्त हार घालून थांबणं बरोबर नाही. काही अडचणीचे प्रश्न विचारायलाच हवेत. बेथेलची जमीन दिवाणाच्या कृपेची, पैसा परदेशातला, आणि गाव चालवणारा पुन्हा एक उच्चवर्णीय घरात जन्मलेला माणूस. मातंग माणसाला तिथं स्वतःचा आवाज किती मिळाला? ज्या माणसानं जात सोडली, त्याला जातीतून आलेलं वजन सोडता आलं का? परिषदांमध्ये बोलावणी यायची ती पागोट्यातल्या विद्वानाला. विहीर खोदणाऱ्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. पुढे आंबेडकरी चळवळीनं हेच बजावलं की दुसऱ्यानं उचलून वर घेणं आणि स्वतः उठून उभं राहणं यात फरक असतो.

हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. विल्सनच्या शाळेत प्रत्येक मुलानं बायबल वाचलं होतं. शेजाऱ्यावर प्रेम करा, हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. नारायण शेषाद्रींनी शेजारी म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न सोडवला आणि उत्तर सापडल्यावर तिथं राहायला गेले. त्यांचं शिष्यत्व म्हणायचं तर ते हे : पत्ता बदलणं.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. कितीतरी कातकरी कुटुंबं दरवर्षी पावसाळा सरला की कामासाठी बाहेर पडतात, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. याच तालुक्यांत आता इंजिनिअरिंगपासून एमबीएपर्यंत सगळं शिकवणारी कॉलेजं उभी आहेत. कुणी चर्चमध्ये जाणारं असेल, कुणी कडावच्या गणपतीला, कुणी कुठंच न जाणारं. पदवीचा कागद हातात पडल्यावर नोकरी कुठं, पॅकेज किती, हे सगळेच विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. नारायण शेषाद्रींनी त्यात एक प्रश्न वाढवून ठेवलाय. जे शिकलो ते खरं मानत असू, तर आपण राहणार कुणाच्या शेजारी?