एकमेकांत अडकलेल्या गाठी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चुकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे. आमच्या मोऱ्यात जाळे विणताना सासूबाई बजावत, "एक गाठ सैल राहिली, की मासळी तिथूनच जाते."

आगगाडीलाही अशीच गाठ असते. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तीन वर्षांनी, १८५६ साली, विलायतेत जॉन सॅक्सबी यांनी रुळांचे सांधे व सिग्नल एकमेकांत अडकवण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही. माणूस चुकला तरी गाठ त्याला अडवते.

जानेवारी २०२४ मध्ये उरणला लोकल आली. माझा मुलगा तिनेच कामावर जातो. तो परतेपर्यंत माझा जीव त्या न दिसणाऱ्या गाठीत असतो.

आपल्या मंडळाची गाठही अशीच घट्ट राहो.