कैगाची जनसुनावणी

* ‘कैगा’ : १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या कारवार जिल्ह्यातील, काळी नदीच्या तीरावरील अणुवीजकेंद्राचे स्थळ. १९६२ च्या कायद्याने अणुऊर्जेचा विषय सर्वस्वी केंद्र सरकारच्या अखत्यारीत ठेवला असल्यामुळे, आणि त्याच कायद्याच्या अठराव्या कलमान्वये माहितीच्या प्रसिद्धीवरही निर्बंध घालता येत असल्यामुळे, बेंगळूरच्या विधानसौधापर्यंत या केंद्राविरुद्ध अर्ज घेऊन गेलेल्या रयतेस तेथे फार तर सहानुभूती मिळे, फैसला दिल्लीचाच असे. ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत यांनी सत्त्याऐंशीव्या वर्षी, १९८९ मध्ये, या प्रश्नावर लोकसभेची निवडणूक लढवली व ते पराभूत झाले. तथापि सरकारने आरंभीच मागावयास हवे होते ते लोकमत या वृद्ध ग्रंथकारास स्वतः उमेदवार होऊन मागावे लागले, हे प्रस्तुत संपादकास लांच्छनास्पद वाटते. १३ मे १९९४ रोजी बांधकाम चालू असतानाच तेथील एका अणुभट्टीच्या घुमटाचा भाग कोसळला. जनसुनावणी कायद्याने सक्तीची झाली ती १९९७ मध्ये, म्हणजे पहिल्या दोन भट्ट्यांचे काम बरेच पुढे गेल्यावर. पाचव्या व सहाव्या भट्टीची सुनावणी १५ डिसेंबर २०१८ रोजी झाली. तीत विरोधाचे सूर उमटले, आणि पर्यावरणविषयक मंजुरी २०१९ मध्ये देण्यात आली.