राजीनाम्याच्या आधीची नऊ वर्षं



"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. गंमत अशी, की ज्या घरांत ही म्हण अभिमानानं सांगतात, त्याच घरांत मुलीसाठी स्थळ बघताना पहिला प्रश्न असतो, "मुलगा नोकरीला कुठे आहे?" म्हणीत नोकरी तळाला आणि व्यवहारात ती सगळ्यांत वर. मी स्वतः आयुष्यभर मास्तरकी केली, दर महिन्याच्या पगारावर संसार केला, तेव्हा नोकरीला नावं ठेवण्याचा मला काडीचाही अधिकार नाही.

हा विषय आज निघाला त्याला कारण आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलानं हिंजवडीतली कंपनीतली चांगली नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायचं मनात घेतलं आहे. घरात अर्थातच दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, डोक्यावर घराचं कर्ज असताना हे वेड कशाला? दुसरा म्हणतो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नाही का बाणेदारपणे राजीनामा दिला? घाबरत बसले असते तर किर्लोस्करवाडी झाली असती का? आणि दोन्ही तटांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी इतिहासाचा मास्तर! म्हटलं, तोंडी वाद घालण्यापेक्षा सावकाश लिहूनच काढू.

लक्ष्मणरावांची गोष्ट आपण कशी सांगतो ते आधी बघा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिक्षक होते. बढतीची पाळी त्यांची असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये नोकरी सोडली, बेळगाव गाठलं, आणि पुढे लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी वगैरे वगैरे. गोष्ट खरी आहे. पण ती अशी सांगितली, की ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस एका सकाळी अपमानानं पेटून उठला, राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून कारखानदार झाला.

इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. कोणतीही गोष्ट ऐकली, की तो सनावळी एकाखाली एक मांडून बघतो. तशी मांडली, की ही गोष्ट जरा वेगळी दिसू लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रकलेचं वेड, म्हणून १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं, की त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? पण हात आणि नजर रेषेत पक्की होती. रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि तोच विषय शिकवण्याची नोकरी त्यांना व्हीजेटीआयमध्ये मिळाली.

आता इथे लक्ष द्या. किर्लोस्कर कंपनी आपली स्थापना १८८८ ची मानते. १८८८! राजीनामा १८९७ चा. म्हणजे ज्या धंद्यासाठी नोकरी सोडली म्हणतो, तो धंदा राजीनाम्याच्या आधी नऊ वर्षं चालू होता. बेळगावात सायकलींचं दुकान होतं, आणि ते सांभाळत होते थोरले बंधू रामुअण्णा. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत आणि तिथून सायकली धाडत, रामुअण्णा त्या बेळगावात विकत. त्या काळी सायकल ही चैनीची, बड्या लोकांची वस्तू. एकेकीची किंमत सातशे ते हजार रुपये असे, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत, असं सांगतात. आज हसू येतं, पण सायकल शिकवणं हासुद्धा दुकानाचा एक धंदाच होता!

तेव्हा ती नऊ वर्षं वाया गेलेली नव्हती. एकीकडे पगार चालू होता. दुसरीकडे रोज यंत्रांच्या सहवासात राहून त्यांची विद्या पक्की होत होती. तिसरीकडे बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी बसत होतं. बढती हुकली तेव्हा लक्ष्मणरावांना दुखावलं हे उघड आहे. पण दुखावलेला माणूस नोकरी सोडून जातो कुठे, हा खरा प्रश्न असतो. हुकलेल्या बढत्या मी माझ्या नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिल्या. बहुतेक जण चार दिवस धुसफुसतात आणि पाचव्या दिवशी हजेरीपटावर सही करतात, कारण जायला दुसरी जागा नसते. लक्ष्मणरावांना जायला जागा होती. ती त्यांनी आणि रामुअण्णांनी नऊ वर्षं खपून तयार केली होती.

बरं, राजीनाम्यानंतर तरी सगळं झटपट झालं का? तेही नाही. कडबा कापायचं यंत्र झालं. पहिला लोखंडी नांगर आला १९०३ मध्ये, म्हणजे राजीनाम्यानंतर सहा वर्षांनी. आणि तो घ्यायला शेतकरी तयार होईनात! लोखंडानं जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. आपण त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो, पण जरा त्यांच्या बाजूनंही बघू या. लाकडी नांगर गावातला सुतार करायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, त्याचं बलुतं ठरलेलं. या नव्या वस्तूसाठी रोख पैसे मोजायचे आणि बिघडली तर बेळगाव गाठायचं! नव्या धंद्याला वेळ लागतो तो असा. माल चांगला असून भागत नाही, लोकांची सवय बदलावी लागते.

पुढे बेळगाव नगरपालिकेच्या वसाहतीच्या योजनेमुळे जागा सोडायची पाळी आली. वीस-बावीस वर्षं एका गावात रुजवलेला धंदा उचलून न्यायचा होता. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजार रुपये कर्ज त्यांनी दिलं. औंधला लक्ष्मणरावांनी बांधकामाचं काम घेतलं होतं, त्यामुळे माणूस पारखलेला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंगांनी दगा दिलेल्या एका चित्रकाराला एका चित्रकार राजानं हात दिला, हा योगायोग मला फार आवडतो. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. दुकान सुरू झाल्यापासून बावीस वर्षं, राजीनाम्यापासून तेरा वर्षं.

कोणी म्हणेल, मास्तर, हे जुनं झालं, आजच्या कंपन्यांचं सांगा. सांगतो.

१९८१ सालची गोष्ट तर तुमच्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. पटनी कंप्युटर सिस्टिम्समधली सात माणसं बाहेर पडली आणि इन्फोसिस निघाली. २ जुलै १९८१ ला पुण्यात कंपनीची नोंदणी झाली. भांडवल दहा हजार रुपये, सुधाताई मूर्तींनी साठवलेल्या पैशांतून दिलेले. (औंधच्या राजाचेही दहाच हजार! अर्थात १९१० चे दहा हजार आणि १९८१ चे दहा हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक.) एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत.

पहिली अशी, की ज्यांच्या नावानं ही कंपनी ओळखली जाते ते नारायण मूर्ती इन्फोसिसचे पहिले कर्मचारी नव्हते. पहिले होते एन. एस. राघवन. मूर्तींच्या हातात पटनीचं काम होतं, ते पुरं करून ते १९८२ मध्ये नव्या कंपनीत रुजू झाले. म्हणजे स्वतःच्या कंपनीत त्यांचा नंबर चौथा! जुन्या धन्याचं काम अर्धवट टाकून ते आले नाहीत.

दुसरी अशी, की त्याआधी मूर्तींचा एक प्रयत्न फसलेला होता. १९७६ मध्ये त्यांनी 'सॉफ्ट्रॉनिक्स' नावाची कंपनी काढली होती. ती सुमारे दीड वर्षात बंद पडली, आणि त्यानंतर ते पटनीत नोकरीला लागले. म्हणजे नोकरी सोडणं, आपटणं, पुन्हा नोकरी करणं आणि पुन्हा सोडणं, असा तो प्रवास आहे. नोकरीला परत जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि तिथेच पुढचे सोबती भेटले.

इन्फोसिसलाही काही लगेच ऊर्जितावस्था आली नाही. सुरुवातीला स्वतःचा संगणकसुद्धा नव्हता. काही सोबती अमेरिकेत गिऱ्हाइकाकडे राहून काम करत. १९८९ मध्ये सातांपैकी अशोक अरोरा बाहेर पडले. १९९० मध्ये कंपनी विकून टाकायचा प्रस्ताव आला होता आणि सगळ्यांनी बसून त्यावर विचारही केला होता. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढला तेव्हा तो पुरता खपला नव्हता. बारा वर्षं झाली होती! सुरुवातीच्या वर्षांत पुण्यातल्या त्या घरात नियमित पगार येत होता तो सुधाताईंचा. त्या वालचंद उद्योगसमूहात नोकरी करत होत्या.

तिसरं उदाहरण गुजरातचं. करसनभाई पटेल सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६९ मध्ये घराच्या मागच्या अंगणात कपडे धुण्याची पावडर बनवून ते सायकलवरून दारोदार विकू लागले. मुलगी निरुपमा, तिच्या नावावरून 'निरमा'. नामांकित पावडरीपेक्षा ती कितीतरी स्वस्त. पण सरकारी नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. ती सांभाळून हा उद्योग चालवला आणि खप बघून, तो भरवशाचा वाटल्यावर, मग राजीनामा दिला.

आता या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. राजीनामा तिघांनीही दिला, पण तिघांच्याही गोष्टीत तो पहिल्या पानावर नाही. सांगणाऱ्याला मात्र तोच पहिल्या पानावर लागतो, कारण त्यात नाट्य आहे. सायकली रेल्वेत चढवून बेळगावला धाडणं, ऑफिसच्या आधी नि नंतर पावडरीच्या पुड्या विकणं, जुन्या कंपनीचं काम महिनोन्‌महिने निस्तरत बसणं, यात कसलं आलं आहे नाट्य?

आणखी एक गोष्ट मला इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इतिहासात नावं उरतात ती टिकलेल्यांची. सॉफ्ट्रॉनिक्सचं नाव आपल्याला माहीत आहे ते पुढे इन्फोसिस झाली म्हणून. ज्यांचं पहिलं आपटणं हेच शेवटचं ठरलं, त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. पेठेपेठेतून, आळीआळीतून अशी माणसं होऊन गेली. त्यांची बायकामुलं कर्ज फेडत राहिली. म्हणून "अमक्यानं केलं, तूही कर" हा सल्ला देताना जीभ जरा आवरावी. शिवाय लक्ष्मणरावांजवळ पैसा नसला तरी शिक्षण होतं, भावाचा आधार होता, राजदरबारी ओळख होती. हे सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही, हेही विसरू नये.

म्हणजे मी विरोधी तटात गेलो का? नाही हो. घाबरवण्यासाठी हे लिहिलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की "नोकरी सोडू का नको?" हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. त्याआधी विचारायचे प्रश्न दुसरे आहेत. पगार चालू असताना त्या धंद्यातलं पहिलं गिऱ्हाईक मिळालं आहे का? घरच्यांच्या ओळखीचं नव्हे, परकं, खिशातून पैसे काढून देणारं? हातातलं काम नीट पुरं करून, चांगल्या शब्दांत बाहेर पडता येईल का? आणि शेतकऱ्यानं दोन वर्षं नांगराकडे पाठ फिरवली, तर तेवढे दिवस चूल कशी पेटणार?

शेवटचा प्रश्न मात्र नोकरी सोडणाऱ्यासाठी नाहीच, तो आपल्यासारख्या घरातल्या मोठ्या माणसांसाठी आहे. लक्ष्मणराव पगार आणत होते तेव्हा दुकानात रामुअण्णा बसले होते. मूर्ती धंद्यात उतरले तेव्हा सुधाताईंचा पगार घरात येत होता. मोठी माणसं वाद घालण्यात पटाईत, त्यात मीही आलो. पण "हे कर" किंवा "हे करू नकोस" असं म्हणण्याआधी प्रत्येकानं स्वतःला विचारावं, की दोन वर्षं या पोराच्या कर्जाचा हप्ता ओढायला, संध्याकाळी त्याच्या दुकानात बसायला किंवा त्याची लहान मुलं सांभाळायला मी तयार आहे का? जो तयार आहे त्यानं सल्ला द्यावा. बाकीच्यांनी चहा घ्यावा.

असो. १८९७ हे साल पाठ करायला सोपं आहे, पण त्याच्या शेजारी १८८८ ही लिहून ठेवा.