जुन्या होडीच्या नाळेवर विजेची मोटर

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत गोड्या पाण्याची हजारो तळी आहेत. तेथील अनेक घरांच्या आवारात मासेमारीची चौदा ते अठरा फुटी होडी ट्रेलरवर उभी दिसते आणि पुष्कळदा ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते. फायबरग्लास आणि अ‍ॅल्युमिनियम सहजासहजी मोडीत निघत नाहीत. त्यामुळे नवी होडी घेण्याऐवजी जुनीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, विजेची ‘ट्रोलिंग मोटर’ बसवण्याकडे हौशी मच्छीमारांचा कल असतो. काम वरवर सोपे वाटते. एक मोटर, चार-सहा बोल्ट, एक बॅटरी आणि दोन तारा, एवढाच सरंजाम. परंतु हे काम फसते ते बहुधा मोटरीमुळे नव्हे, तर जिच्यावर ती बसवायची त्या जुन्या नाळेची परीक्षा न केल्यामुळे.

मोटर कशासाठी?

पाण्यात गळ सोडून होडी संथपणे पुढे नेत मासे पकडण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ म्हणतात. त्यावरून या मोटरीला नाव मिळाले. १९३४ साली ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचा स्टार्टर घेऊन त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला व अशी मोटर तयार केली. त्यांचा कारखाना मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवरील फार्गो शहरात होता. दोन्ही राज्यांच्या नावांतून ‘मिन कोटा’ हे नाव सिद्ध झाले आणि ते आजही प्रचलित आहे.

ही मोटर मुख्य पेट्रोल इंजिनाची जागा घेत नाही. इंजिन होडीला दूरच्या जागी पोहोचवते आणि त्यानंतर मासा बुजू नये म्हणून आवाज न करता हळूहळू सरकण्याचे काम मोटर करते. पाणीपुरवठ्याच्या काही जलाशयांवर पेट्रोल इंजिनांना मनाई असल्याने तेथे विजेची मोटर हेच एकमेव यांत्रिक साधन ठरते.

मोटर पिछाडीस बसवणे सोपे असते, तरीही नाळच का निवडतात? बैल गाडीच्या पुढे जुंपतात, त्यामागे जे कारण आहे तेच येथेही लागू पडते. मागून ढकललेल्या हलक्या होडीचे तोंड वाऱ्याने सारखे वळते. पुढून ओढलेली होडी मात्र ओढीच्या दिशेने मुकाट्याने जाते. शिवाय पायाच्या पेडलने किंवा रिमोटने मोटर वळवता येत असल्यामुळे दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात.

नाळेची परीक्षा

जुन्या फायबरग्लास होडीच्या डेकमध्ये बहुधा प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असतो. वरचा थर चकचकीत दिसला, तरी जुन्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून आतले लाकूड कुजलेले असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक सर्वत्र ठोकून पाहावा. खणखणीत आवाज सुस्थितीचे लक्षण असून बद्द आवाज कुजकेपणाचे. शंका आल्यास खालच्या बाजूने लहान छिद्र पाडावे. भुसा कोरडा आणि फिकट निघाला तर ठीक, काळसर आणि ओला निघाला तर तेवढा गाभा कापून काढून नवे प्लायवूड इपॉक्सीने बसवल्याखेरीज पुढे जाऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत प्रश्न निराळा असतो. तिच्या नाळेवरील पत्रा पातळ असतो आणि सपाट जागा थोडी, म्हणून तेथे आधी डेक किंवा जाड पट्टी तयार करावी लागते. त्यासाठी वाळवीरोधक प्रक्रिया केलेले लाकूड वापरणे ही नेहमीची चूक होय. या प्रक्रियेतील द्रव्यांत तांबे असते. ओलाव्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की पत्र्याला खड्डे पडू लागतात आणि काही हंगामांत भोकेही पडतात. त्याऐवजी साधे मरीन प्लायवूड इपॉक्सीचा लेप देऊन वापरावे किंवा अ‍ॅल्युमिनियमचीच जाड पट्टी घ्यावी.

मापे आणि जागा

मोटरीची ओढ पौंडांत मोजतात. माणसे, इंधन आणि सामानासह होडीच्या दर १०० पौंड वजनामागे किमान २ पौंड ओढ असावी, असा ठोकताळा आहे. एकूण १,५०० पौंडांच्या होडीला ३० पौंड पुरतात. वारा आणि प्रवाह जमेस धरून बरेच जण ५५ पौंडांची मोटर घेतात. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणाऱ्या मोटरींची मर्यादा साधारण तेवढीच आहे. त्याहून मोठ्या मोटरींना २४ किंवा ३६ व्होल्ट, म्हणजे दोन किंवा तीन बॅटऱ्या लागतात.

दांड्याची लांबी ठरवण्यासाठी होडी पाण्यात सोडून आणि नेहमीचे ओझे चढवून नाळेच्या माथ्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे व त्यात साधारण २० इंच मिळवावेत. मोठ्या, लाटा उठणाऱ्या तळ्यांसाठी आणखी पाच-सहा इंच धरावेत. दांडा आखूड पडला तर लाटेबरोबर पंखा उघडा पडतो आणि ओढ नाहीशी होते.

छिद्रे पाडण्यापूर्वी बैठकीच्या आकाराचा पुठ्ठा कापून जागा निश्चित करावी. मोटर खाली सोडताना व वर घेताना ती कडेच्या पट्टीला घासू नये आणि आडवी ठेवल्यावर तिचे डोके डेकवर टेकावे. चालकाची जागा उजवीकडे असल्यास मोटर डावीकडे ठेवल्याने तोल राखला जातो.

बोल्ट आणि आधारपट्टी

जलाशयांत पाण्याखाली बुडालेली झाडे असतात. ४० इंच खाली असलेल्या पंख्याला एखाद्या खोडाचा १०० पौंडांचा झटका बसला, तर १० इंच अंतरावरील बोल्टांच्या दोन ओळींपैकी एकीवर सुमारे ४०० पौंडांची उपटणारी ओढ येते. लाकडी स्क्रू ही ओढ सहन करू शकत नाहीत. म्हणून डेकच्या आरपार जाणारे स्टेनलेस पोलादाचे बोल्ट, रुंद वॉशर आणि सैल न होणारे नट वापरावेत. भार पसरण्यासाठी डेकखाली आधारपट्टीही हवी.

पुष्कळ जुन्या होड्यांत नाळेच्या आत हात पोहोचत नाही. अशा वेळी स्क्रूवर भागवण्याचा मोह होतो. झाकण असलेली लहान खिडकी कापून नटापर्यंत वाट करणे हाच खरा उपाय आहे.

गाभा असलेल्या डेकमध्ये छिद्र प्रथम मोठे पाडावे, ते इपॉक्सीने भरावे आणि घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचे छिद्र पाडावे. त्यामुळे पुढे पाणी शिरलेच तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलाद यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत व सर्व छिद्रे होड्यांसाठीच्या सीलंटने बुजवावीत.

वीज आणि वजन

५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर विद्युतप्रवाह घेते. जुन्या होडीतील दिव्यांच्या तारा एवढ्या प्रवाहासाठी केलेल्या नसतात. बॅटरी पिछाडीस आणि तारेची जाऊन-येऊन लांबी १० मीटर धरली, तर सुमारे ५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत दीड व्होल्टहून अधिक दाब वाया जातो आणि तार तापते. १३ चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट साधारण पाऊण व्होल्टच्या आत राहते. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची मिळाल्यास गंजही रोखला जातो.

५०-६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर बॅटरीपाशीच बसवावा, नाळेपाशी नव्हे. १२ व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, या समजुतीने अनेक जण ब्रेकर टाळतात. परंतु तारेचे आवरण घासून ती धातूला टेकली, तर हीच बॅटरी तार लालबुंद करू शकते आणि होडीत पेट्रोलही असते. बॅटरी हवेशीर जागी, पट्ट्याने घट्ट बांधलेली आणि पेट्रोलच्या टाकीपासून वेगळी असावी.

बॅटरी सतत खोल उतरवता येईल अशा ‘डीप सायकल’ प्रकारची घ्यावी. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पूर्ण वेगात कागदोपत्री दोन तास आणि प्रत्यक्षात त्याहून कमी चालते. मंद गतीवर मात्र ती दिवस निभावते. लिथियमची बॅटरी महाग, पण वजनाने निम्म्याहून हलकी असते.

वजनाचा विचार शेवटी नव्हे, आरंभीच करावा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२पासून बनलेल्या, २० फुटांहून लहान अशा बहुतेक मोटरबोटींवर भारक्षमतेची पट्टी सक्तीची आहे. मोटर आणि बॅटऱ्या यांचे वजनही तिच्यावरील मर्यादेत धरायचे असते. त्यापूर्वीच्या होडीवर पट्टी नसेल, तर अधिकच सावधगिरी हवी. तळाशी भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असू शकतो. बॅटऱ्या मध्यभागी ठेवल्यास नाळ पाण्यात दबत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

उपग्रहाच्या साह्याने होडी एकाच जागी धरून ठेवणाऱ्या मोटरी आता मिळतात. त्या लाटांशी तासन्‌तास झुंजतात. असा अखंड ताण जुन्या होड्यांच्या रचनाकारांनी गृहीत धरलेला नव्हता. म्हणून काम संपल्यावर मोटरीचे डोके धरून सर्व बाजूंना हलवून पाहावे. डेक लवत असेल किंवा कुरकुरत असेल, तर आधारपट्टी अपुरी आहे असे समजावे. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावेत आणि रस्त्याने नेताना मोटर पट्ट्याने जखडावी, कारण तळ्यापेक्षा खड्ड्यांचे हादरेच बैठक अधिक लवकर खिळखिळी करतात.

नाळेवर उभा असलेला मनुष्य वाकून माशाकडे पाहत असतो. अशा वेळी बैठक निखळली तर तो थंड पाण्यात पडतो आणि मोटर त्याच्या शेजारी फिरत असते. जीवरक्षक जाकीट अंगावर हवे, हे त्यामुळेच. आणि एखाद्या दुपारी नाळ ठोकून पाहिल्यावर लाकूड कुजलेले आढळले, तर मोटर महिनाभर खोक्यातच राहू देण्यात नुकसान काहीच नाही.