वाद्य नेमके कुठे संपते?

सिंथेसायझरच्या पाठीमागे अ‍ॅनालॉग आणि डिजिटल अशी दोन्ही आउटपुट असतील, तर रेकॉर्डिंगसाठी तुम्ही कोणते निवडाल? बहुतेक जण म्हणतील, डिजिटल. आवाज जसाच्या तसा मिळेल. पण इतिहास पाहिला की ‘जसाच्या तसा’ म्हणजे काय, इथेच आपण अडखळतो.

यामाहाचा डीएक्स७ घ्या. जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्डला एफएम संश्लेषणाचे तंत्र सापडले. यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये हे वाद्य बाजारात आणले. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी पॉप गाण्यांतला किणकिणता इलेक्ट्रिक पियानो याचाच. पोटात सगळा हिशेब आकड्यांचा, पण बाहेर पडायची वाट मात्र अ‍ॅनालॉग. आकड्यांचा विद्युत संकेत करणारा त्याचा कन्व्हर्टर १२ बिटांचा होता. आदल्याच वर्षी आलेली सीडी १६ बिटांची. स्वर विरत जाताना बारीक खरखर राही. पुढे डीएक्स७-टूमध्ये १६ बिटांचा कन्व्हर्टर आला, आवाज स्वच्छ झाला. तरीही अनेक वादकांना पहिलाच आवाज हवा असतो. म्हणजे ज्याला आपण दोष म्हणालो असतो, तो वाद्याच्या ओळखीचा भाग झाला होता.

१९८५ मध्ये एईएस३ हे डिजिटल ध्वनीच्या देवाणघेवाणीचे मानक प्रसिद्ध झाले. घरगुती उपकरणांसाठी सोनी आणि फिलिप्सचे एस/पीडीआयएफ होते. पुढे काही सिंथेसायझरांनाही अशी आउटपुट मिळाली. फायदा उघड आहे: आकड्यांचा संकेत आणि संकेताचे पुन्हा आकडे हा हेलपाटा वाचतो, तारेतली गुणगुणही मिसळत नाही. मात्र दोन्ही यंत्रे एकाच घड्याळावर चालावी लागतात, नाहीतर मध्येच टक-टक ऐकू येते. शिवाय वाद्याचा स्वतःचा कन्व्हर्टर वगळला जातो.

१९७० च्या मिनीमूगमध्ये तर आकडेच नाहीत. तिथे बदलते व्होल्टेज हाच आवाज. त्याला डिजिटल आउटपुट जोडायचे, तर रूपांतराची एक पायरी वाढवावीच लागेल.

म्हणून निवड तुमच्या हेतूवर ठरते. नवे गाणे करत असाल, तर डिजिटल तार खुशाल जोडा. पण जुन्या वाद्याचा आवाज पुढच्यांसाठी जपायचा असेल, तर अ‍ॅनालॉग रेकॉर्डिंग जरूर करा आणि कोणत्या आउटपुटातून घेतले ते लिहून ठेवा. सूत्र ठाऊक असेल, तर आकडे संगणकावर पुन्हा काढता येतील. त्या एका वाद्यातला जुना होत चाललेला कन्व्हर्टर कसा वाजत होता, हे मात्र त्याच्या रेकॉर्डिंगवरूनच कळेल.