मोरस, खांड आणि गूळ

वडोद्याच्या बाजारात एकाच पदार्थाला तीन नावे ऐकू येतात. आम्ही मराठी माणसे 'साखर' म्हणतो, गुजराती शेजारी 'खांड' म्हणतात आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'मोरस' हा शब्द येतो. पहिली दोन नावे प्राचीन आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा अशी काकवीपासून साखरेपर्यंतची परंपरा एकत्र नोंदलेली आहे. 'मोरस' हे नाव मात्र मॉरिशस बेटाचे आहे.

ते बेट 1810 साली इंग्रजांच्या ताब्यात आले. 1825 मध्ये तेथील साखरेला वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाली आणि उसाचे मळे झपाट्याने पसरले. पुढे गुलामगिरी संपली. तेव्हा 1834 पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक तेथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांमुळे गणेशचतुर्थीला त्या देशात आजही सार्वजनिक सुटी असते. ज्या शुभ्र साखरेचे पश्चिम हिंदुस्थानातील गृहिणींना अप्रूप वाटे, तिच्यामागे कोकणातल्या हातांचेही कष्ट होते. डब्यावर मात्र नाव राहिले ते बेटाचे.

आपले पूर्वज केवळ गूळ खात, असे आज सर्रास सांगितले जाते. ते आम्हांस पटत नाही. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनी संपादित केला व तो येथील गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाचे प्रकरण वाचणाऱ्यास राजाच्या पानात साखरही होती हे दिसेल. फरक पदार्थाचा नव्हता, प्रमाणाचा आणि ऐपतीचा होता. सामान्यांच्या घरी गूळ, आणि तोही सणावारी.

साखर आपल्याच राज्यात व्हावी म्हणून सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, ऊस व गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या गणदेवीस सरकारी भांडवलाने कारखाना काढण्यात आला. तो टिकला नाही. बाहेरची साखर स्वस्त पडत होती, हे त्या काळाचे दुखणेच होते. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात म्हणून ती अनेकांनी वर्ज्य केली. परंतु देशी कारखानदारीला खरा आधार मिळाला तो 1932 च्या संरक्षण कायद्याने. स्वातंत्र्यानंतर गणदेवीतही सहकारी कारखाना उभा राहिला.

आता चक्र उलटे फिरले आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि सुशिक्षित घरांत साखरेच्या जागी गूळ, मध, खजूर आले आहेत. गुळात थोडे लोह व खनिजे असतात हे खरे; पण त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातील साखर तोही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना मधालाही टाळावयाच्या साखरेतच गणते. 1879 साली सापडलेल्या सॅकरिनपासून पुढच्या कृत्रिम गोडव्यांवरही वजन घटविण्यासाठी विसंबू नये, असे तिने 2023 मध्ये सांगितले.

शिवाय तो गूळ तरी कोणता? पूर्वी काहिलीतील रसाची मळी भेंडीच्या चिकट पाण्याने काढीत. आज पुष्कळ ठिकाणी रंग उजळण्यासाठी रसायन घालतात, कारण गिऱ्हाईक पिवळाधमक गूळच उचलते आणि काळसर ढेप दुकानात पडून राहते.