वारा सरला का?

पोटाचं ऑपरेशन झालं, मग ते सिझर असो, पिशवी काढलेली असो की अपेंडिक्स, सिस्टर येऊन एकच विचारतात, "वारा सरला का?" आपण पदराआड हसतो आणि लाजून काहीतरी उत्तर देतो. पण यात लाजण्यासारखं काही नाही. ऑपरेशनमुळे थांबलेलं आतडं पुन्हा सुरू झालं का, हे त्या उत्तरावरून कळतं. आज आम्ही या प्रश्नामागचा इतिहास सांगणार आहोत. सुरुवात आपल्या औंधापासूनच करू.

औंध संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. औंध आज साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत आहेत. १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी गादीवर आले. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला. संस्थानच्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालायला लावले. १९२८ साली त्यांनी नमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक काढलं. शरीर हलतं ठेवा, पचन सुधारेल, तब्येत राहील, असं ते सांगत.

त्याच काळात दवाखान्यात मात्र उलटा कायदा होता. पोट उघडलं की दोन-दोन, तीन-तीन आठवडे खाटेवर पडून राहायचं. उठलं तर टाके तुटतील, ही भीती. वारा सरेपर्यंत तोंडात अन्न नाही.

पुढे १९३९ साली ज्यांच्या सल्ल्याने औंधात लोकांच्या हाती कारभार आला, त्या गांधीजींचंही पोटाचं ऑपरेशन झालं होतं. येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी ते काढलं. बाहेर वादळ होतं, मध्येच वीज गेली आणि ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ५ फेब्रुवारीला सुटकेचा हुकूम आला, तेव्हा २४ दिवस होऊन गेले होते. तरी ते अजून ससूनमध्येच होते.

पडून राहण्याच्या या रिवाजावर पहिली शंका बायकांच्याच डॉक्टरांनी काढली. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ साली लिहिलं की बायकांना ऑपरेशननंतर लवकर उठवलं, लवकर खायला दिलं, तरी बिघडत नाही. फारसं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडल्या, पेशंटना लवकर उठवावं लागलं, तेव्हा लोकांना ते पटू लागलं. १९९० नंतर डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी दुखणं कमी ठेवणं, लवकर खाणं आणि लवकर उठणं यांची एकत्र घडी बसवली. आता चांगल्या दवाखान्यांत हीच पद्धत आहे.

आतडं थांबतं का? पोटात हात लागला, भूल दिली, अफूच्या जातीची कडक वेदनाशामकं दिली की त्याची हालचाल मंदावते. लहान आतडं साधारण दिवसभरात जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. म्हणून वारा उशिरा सरतो.

साध्या सिझरनंतर बहुतेक वेळा काही तासांतच पाणी, मग हलकं खाणं चालतं. वारा सरेपर्यंत उपाशी राहायची गरज नसते. आतड्यावरच ऑपरेशन असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच. जपानमध्ये २००२ साली पेशंटना च्युइंगम चघळायला देऊन पाहिलं. चघळलं की आतड्याला वाटतं अन्न येतंय, आणि ते हलू लागतं. सिझरनंतरही याचा थोडा उपयोग दिसला आहे, पण आधी डॉक्टरांना विचारा. घरच्या घरी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देऊ नका.

एक खरं सांगायला हवं. नुसत्या चालण्याने आतडं लगेच सुरू होतंच असं नाही. पण पायात रक्ताच्या गाठी होण्याचा आणि छातीत कफ साचण्याचा धोका कमी होतो. म्हणून पहिल्या दिवशी बसा, कुणाचा तरी हात धरून चार पावलं टाका. खोकताना पोटावर उशी धरा. दुखत असेल तर सोसू नका, सांगा.

पोट गच्च फुगलं, उलट्या थांबेनात, ताप आला, दुखणं वाढत गेलं, वारा आणि संडास दोन्ही बंद झाले, तर घरी गेल्यावरसुद्धा वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि घरच्या माणसांनो, हे नीट ऐका. डॉक्टर "चालू दे" म्हणाले म्हणजे "कामाला लावा" असं नाही. अंगणात दोन फेऱ्या वेगळ्या, आणि पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा वेगळा. नमस्कारसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. सासूबाईंनी सुनेला हात धरून चालवावं, आणि हंडा त्या दिवसांत घरातल्या पुरुषांनी उचलावा. मग "वारा सरला का?" विचारलं की न लाजता खरं ते सांगा.